सोसायटी कागदावरच उरली. लेआऊटमधला रस्ता आता कोणी दुरुस्त करायचा?

ऐंशी-नव्वदच्या दशकात शहरांच्या वेशीवरच्या शेतजमिनी एनए (बिगरशेती) झाल्या, चुन्याच्या रेषा मारून बंगल्यांचे प्लॉट पडले आणि प्लॉटधारकांची सोसायटी नोंदवली गेली. पहिली दहा-पंधरा वर्षे अध्यक्ष-सचिवांनी हौसेने कारभार पाहिला. मग कोणी मुलांकडे राहायला गेले, कोणी वारले, दफ्तर कुणाच्या तरी माळ्यावर पडले, ऑडिट थांबले आणि निवडणुकीचे नावही कोणी काढेना. रस्ता मात्र दर पावसाळ्यात उखडतोच. नगरपालिकेत जावे तर ‘हा खासगी रस्ता आहे’ असे उत्तर मिळते, सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात ‘संस्था बंद दिसते’ म्हणतात, आणि शेजारी ‘आधी बाकीच्यांचे येऊ द्या, मग माझे घ्या’ म्हणतात.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी पहिली बैठक वर्गणीची होते. माझ्या मते तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. रस्त्याखालची जमीन कोणाच्या नावावर आहे आणि जुनी सोसायटी कायद्याच्या नजरेत नेमकी कोणत्या अवस्थेत आहे, हे कळल्याशिवाय पैसे कोणी मागायचे, कोणत्या हक्काने मागायचे आणि न देणाऱ्याचे काय करायचे, यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसते.

हा लेख महाराष्ट्रातल्या बंगल्यांच्या आणि प्लॉटच्या लेआऊटपुरता आहे. फ्लॅटच्या सोसायट्यांचे प्रश्न बरेचसे वेगळे असतात.

आधी रस्त्याचा सातबारा काढा

आपल्या प्लॉटचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक प्रत्येकाच्या कपाटात असते. रस्त्याचा सातबारा मात्र सहसा कोणीच पाहिलेला नसतो. मंजूर लेआऊटचा नकाशा, एनए आदेश आणि मूळ गट किंवा सर्व्हे नंबरचे जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) हे तीन कागद हातात घ्या. नकाशा नगररचना कार्यालयात किंवा नियोजन प्राधिकरणाकडे मिळतो. एनए आदेशाची प्रत तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून काढता येते. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. आदेशाच्या अटी शेवटच्या पानापर्यंत वाचा. ‘अंतर्गत रस्ते व खुली जागा विकसित करून अमुक यांच्याकडे हस्तांतरित करावी’ किंवा ‘रस्ते लगतच्या जमीनधारकांना वापरासाठी खुले ठेवावेत’ अशा ओळी तिथेच सापडतात, आणि पुढे वर्षानुवर्षे चालणारे वाद त्या एका ओळीवर मिटतात.

रस्त्याच्या क्षेत्रावर नाव कोणाचे असू शकते? सर्वांत जास्त वेळा ते मूळ शेतमालकाचे किंवा लेआऊट पाडणाऱ्या प्रवर्तकाचे असते. त्याने प्लॉट विकले, पण रस्त्याचे क्षेत्र विकण्याचा प्रश्नच आला नाही, म्हणून ते त्याच्या नावावर तसेच राहिले. आज तिथे त्याच्या वारसांची नावे लागली असण्याची शक्यता मोठी. दुसरी शक्यता सोसायटीच्या नावाची. सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये ‘भाडेकरू मालकी’ हा प्रकार आहे. त्यात जमीन संस्थेची आणि घर सभासदाचे असते. नोंदणी क्रमांकात ‘एचएसजी’च्या पुढे ‘टीओ’ अशी अक्षरे दिसली तर आपली संस्था या प्रकारातली समजा. तिथे रस्ताही बहुधा संस्थेच्याच मालकीचा असतो. काही ठिकाणी सगळ्या प्लॉटधारकांचा अविभक्त हिस्सा लावलेला असतो. आणि क्वचित असेही निघते की रस्ता कधीच ग्रामपंचायतीकडे किंवा पालिकेकडे गेलेला आहे, फक्त हे कोणाला माहीत नाही. तसे असेल तर पुढचा निम्मा लेख वाचायची गरज नाही, सरळ शेवटच्या भागाकडे वळा.

याच टप्प्यावर आपापल्या खरेदीखताची परिशिष्टे काढा. ‘सदर मिळकतीस जाण्या-येण्यासाठी लेआऊटमधील नऊ मीटर रुंदीचा रस्ता वापरण्याच्या हक्कासह’ असे वाक्य असेल तर रस्ता वापरण्याचा हक्क तुम्हाला दस्तानेच मिळालेला आहे. वीस वर्षांच्या वहिवाटीचे पुरावे गोळा करत बसावे लागत नाही.

सोसायटी ‘बंद’ म्हणजे नेमकी कशी बंद?

लोक सरसकट ‘सोसायटी बंद पडली’ म्हणतात. कायद्यात त्याच्या निदान चार वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि प्रत्येकीवरचा इलाज निराळा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा शहरात उपनिबंधकाकडे लेखी अर्ज करून संस्थेची सद्यस्थिती, शेवटच्या ऑडिटचे वर्ष, शेवटची समिती आणि संस्थेविरुद्ध काढलेले आदेश, एवढे मागा.

पहिली अवस्था सुप्त संस्थेची: नोंदणी कायम आहे, पण समितीची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली नाही. ही सगळ्यांत सोपी, कारण संस्था जिवंत आहे, तिला फक्त हातपाय नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७७अ खाली निबंधकाला सभासदांमधून तात्पुरती समिती किंवा एखादा प्राधिकृत अधिकारी नेमता येतो. जुनी समिती नावाला असेल आणि सभाच बोलावत नसेल, तर एकपंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवर कलम ७६ प्रमाणे विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. समितीने ती टाळली तर निबंधक बोलवू शकतो.

दुसरी अवस्था, प्राधिकृत अधिकारी आधीच नेमलेला आहे पण कोणी त्याला भेटलेलेच नाही. हसू नका, असे होते. त्याच्याकडे दहा-वीस संस्थांचा भार असतो आणि सभासद पुढाकार घेत नाहीत तोवर फाइल हलत नाही.

तिसरी अवस्था अवसायनाची, म्हणजे संस्था गुंडाळण्याची. संस्थेने कामकाज थांबवले असेल तर कलम १०२ खाली निबंधक स्वतःहून अवसायनाचा अंतरिम आदेश काढू शकतो. त्यावर म्हणणे मांडायला एक महिना असतो. नंतर अंतिम आदेश निघतो आणि कलम १०३ प्रमाणे अवसायक नेमला जातो. अंतिम आदेशाविरुद्ध दोन महिन्यांत अपील करता येते. २०१५ मध्ये सहकार खात्याने राज्यभर संस्थांचे सर्वेक्षण केले, तेव्हा अनेक संस्थांवर अशी कारवाई झाली. नोटीस जुन्या सचिवाच्या पत्त्यावर गेली, तो केव्हाच घर विकून गेलेला, आणि लेआऊटमध्ये कोणाला पत्ता नाही, असे घडलेले असू शकते. अवसायन चालू असताना संस्थेची मालमत्ता, म्हणजे संस्थेच्या नावावरचा रस्ताही, अवसायकाच्या ताब्यात असतो. त्याच्याशी पत्रव्यवहार करा आणि रस्ता व खुली जागा ही विकून टाकायची शिल्लक मालमत्ता नाही, सभासदांच्या वापराची आहे, हे मंजूर नकाशाची प्रत जोडून त्याला लेखी कळवा. कोर्टात जायचे ठरवाल तर लक्षात ठेवा, अवसायनातल्या संस्थेविरुद्ध दावा लावायला कलम १०७ प्रमाणे निबंधकाची परवानगी लागते.

चौथी अवस्था नोंदणी रद्द झाल्याची. कलम २१ किंवा २१अ खाली आदेश निघाला असेल तर संस्था म्हणून काही उरत नाही. इथे आदेशाची प्रत आणि त्याची तारीख हाच सगळा खेळ. अपिलाची मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज करावा की नवीन संस्था नोंदवावी, हा निर्णय सहकार कायद्याची प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाकडे बसून घ्यावा. इंटरनेटवरचा नमुना अर्ज भरून तो सुटत नाही.

संस्था सहकारी नसून ‘प्लॉटधारक संघ’ म्हणून १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवलेली असेल, तर दार धर्मादाय आयुक्तांचे. तिथे अडथळा बहुतेक वेळा न दाखल झालेल्या चेंज रिपोर्टचा, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या कळवणीचा असतो. कागदोपत्री विश्वस्त अजून तेच आहेत, ज्यांच्यातले काही हयातही नाहीत. कोणीच उरले नसेल तर नवीन विश्वस्त नेमण्यासाठी विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४७ खाली अर्ज करता येतो.

जुनी संस्था उठवायची की नवी काढायची

नवी काढण्याकडे लोकांचा ओढा असतो. जुन्याचे ऑडिट नको, जुनी भांडणे नकोत, नव्या पाटीवर नवा कारभार. माझा कौल उलटा आहे. रस्ता जुन्या संस्थेच्या नावावर असेल तर नवीन संस्थेला त्यावर काहीच हक्क नसतो आणि एकाच लेआऊटवर दोन संस्था असल्या की निबंधक कार्यालयही नाक मुरडते. नोंदणी टिकून असेल तोवर जुनीच उठवा. संस्थेच्या नावावर काहीच नसेल आणि नोंदणीही रद्द असेल, तेव्हाच नव्याचा विचार करा.

उठवताना खरी अडचण सभासद कोण हीच असते. ‘आय’ नमुन्यातल्या सभासद नोंदवहीत १९८८ ची नावे, त्यातले अर्धे मयत, अनेक प्लॉट दोनदा विकले गेलेले, आणि आज राहणाऱ्यांपैकी मोजकेच कायदेशीर सभासद. म्हणून कलम ७७अ चा अर्ज करतानाच सोबत एक तक्ता जोडा: प्लॉट क्रमांक, मूळ सभासद, आजचा धारक, त्याच्याकडे प्लॉट कशाने आला (खरेदीखत, मृत्युपत्र, वारस नोंद), सभासदत्व हस्तांतर झाले की नाही. नेमलेला अधिकारी पहिले काम हस्तांतरांचे करेल, मगच मतदार यादी होईल. २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांना निवडणूक स्वतःच्या स्तरावर घेता येते, तेव्हा त्या पायरीची फार धास्ती घेऊ नका. थकलेली ऑडिट मात्र करावीच लागतात. सहकार खात्याच्या नामतालिकेवरच्या लेखापरीक्षकाला गाठा आणि बँकेचे जुने उतारे आधी मिळवा. खाते निष्क्रिय झाले असेल तर प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा आदेश दाखवूनच ते सुरू होते.

एवढा खटाटोप कशासाठी? एका कलमासाठी. २०१९ च्या दुरुस्तीने सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले. त्यातल्या कलम १५४ब-२९ प्रमाणे (पूर्वी हे काम कलम १०१ करत असे) थकबाकीदार सभासदाविरुद्ध निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. नोंदणी नसलेल्या रहिवासी मंडळाला, व्हॉट्सअॅप ग्रुपला किंवा ‘कृती समिती’ला हे हत्यार कधीच मिळत नाही.

संस्था नाही, पण पाऊस तोंडावर आहे

अर्ज-निवडणूक होईपर्यंत वर्ष जाईल. तोवर खड्डे बुजवायचे तर कोणाची परवानगी लागते? इथे १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम कामाला येतो. त्यातली तीन कलमे एकत्र वाचली की चित्र स्पष्ट होते. कलम २४: ज्याला वाटेचा हक्क आहे, त्याला तो हक्क नीट उपभोगता यावा म्हणून आवश्यक ती कामे करण्याचाही हक्क आहे, फक्त जमीनमालकाला कमीत कमी त्रास व्हावा. कलम २५: अशा दुरुस्तीचा खर्च वाट वापरणाऱ्याने सोसायचा. कलम २७: जमीनमालकावर वापरणाऱ्याच्या सोयीसाठी काही करण्याचे बंधन नाही.

म्हणजे रस्ता प्रवर्तकाच्या वारसांच्या नावावर असला तरी तुम्ही तो दुरुस्त करू शकता आणि त्यांना तुम्हाला अडवता येत नाही. पण ‘जमीन तुमची, डांबर तुम्हीच टाका’ असे या कायद्याच्या आधारे त्यांना सांगताही येत नाही. एनए आदेशात किंवा करारात प्रवर्तकाने रस्ते करून देण्याची हमी घेतली असेल तर गोष्ट वेगळी. लेआऊट रेराखाली, म्हणजे स्थावर संपदा कायद्याखाली नोंदवलेला असेल, तर सामाईक क्षेत्र प्लॉटधारकांच्या संस्थेच्या नावे करून देण्याची जबाबदारी कलम १७ ने प्रवर्तकावरच टाकली आहे. तिथे आधी महारेराचे दार ठोठवा.

दुरुस्ती म्हणजे आहे तो रस्ता वापरण्याजोगा ठेवणे. रुंदी वाढवणे, कमान उभारणे, गेट बसवणे हे त्यात येत नाही. आणि एक व्यवहारातला सल्ला: जुन्या डांबरावर नुसता नवा थर चढवू देऊ नका. कंत्राटदाराला ते सोयीचे असते, पण दोन-तीन खेपांत रस्ता अंगणांपेक्षा वर येतो आणि पावसाचे पाणी फाटकातून आत शिरते. त्यातून होणारी भांडणे वर्गणीच्या भांडणांपेक्षा कडू असतात. आधी कडेचे गटार, मग रस्ता.

वर्गणी ठरवताना

समजा ४० प्लॉट आहेत आणि कामाचा अंदाज ६ लाख रुपये आला. सरसकट वाटणी केली तर प्रत्येकी १५,००० रुपये. लगेच मुख्य रस्त्यावरचा कोपऱ्याचा प्लॉटधारक म्हणतो, ‘माझे फाटक हमरस्त्याला आहे, मी आतला रस्ता वापरतच नाही.’ शेवटच्या टोकाचा म्हणतो, ‘मला सगळा रस्ता लागतो खरा, पण माझा प्लॉट सगळ्यांत लहान.’ रिकाम्या प्लॉटचा मालक पुण्याला किंवा परदेशात. प्लॉटच्या क्षेत्रफळावर, रस्त्याच्या वापरलेल्या लांबीवर किंवा सरसकट, अशा तीनही पद्धती चालतात. कायदा एखादी लादत नाही. संस्था असेल तर पोटनियम आणि सर्वसाधारण सभेचा ठराव काय म्हणतो ते पाहा. संस्था नसेल तर मी सरसकट वाटणीच्या बाजूने आहे. क्षेत्रफळाचे आणि लांबीचे गणित न्याय्य दिसते, पण प्रत्येक खेपेला नवा वाद उभा करते. अपवाद फक्त दोन करावेत: व्यापारी वापर असलेल्या प्लॉटला जास्त हिस्सा, आणि बांधकाम काढणाऱ्याकडून खडी-वाळूच्या डंपरमुळे होणाऱ्या नुकसानीसाठी आगाऊ अनामत. कोपऱ्याच्या प्लॉटधारकाला सूट द्यायची असेल तर ती लेखी द्या आणि त्याचे आतले फाटक उघडले की सूट संपते, असेही लिहून घ्या.

हे सगळे तोंडी ठरवू नका. संस्था उभी राहीपर्यंत प्लॉटधारकांनी आपसांत देखभालीचा करारनामा करावा. त्यात रस्त्याचे वर्णन मंजूर नकाशासह, प्रत्येकाचा हिस्सा, किती बहुमताने कोणत्या रकमेपर्यंत काम काढता येईल, हिशेब कोण ठेवील आणि कोणत्या तारखेला सगळ्यांपुढे मांडील, थकबाकीवर व्याज किती, हे नेमके लिहा. मुख्य अडचण पुढच्या खरेदीदाराची असते, कारण आजच्या शेजाऱ्याची सही उद्याच्या मालकावर आपोआप बंधनकारक होत नाही. त्यावर उपाय म्हणजे थकीत हिश्श्याचा बोजा प्लॉटवर राहील असे कलम घालून दस्त नोंदवणे. स्थावर मिळकतीवर बोजा निर्माण करणारा दस्त १०० रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर तो नोंदवावाच लागतो, आणि नोंदला की खरेदीदाराला त्याची माहिती होती असे कायदा धरून चालतो. नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनमध्ये तो दिसतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कातही नोंद मागा. मुद्रांक शुल्क किती लागेल हे दस्ताच्या मजकुरावर ठरते, म्हणून मसुदा वकिलाकडून करून घ्यावा.

न देणाऱ्याचे काय करायचे

आधी काय करू नये ते. त्याची गाडी अडवू नका, गेटवर साखळी लावू नका, पाण्याचा टँकर परत पाठवू नका. त्याचा रस्ता वापरण्याचा हक्क वर्गणीवर अवलंबून नाही. तो दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणील आणि पोलिसांत अटकाव केल्याची तक्रारही देईल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली चुकीचा अवरोध हा गुन्हा आहे. पाच-दहा हजारांच्या थकबाकीपायी समितीतल्या चार ज्येष्ठ नागरिकांना चौकीत बसावे लागते, आणि ज्याने पैसे बुडवले तोच फिर्यादी ठरतो.

नोंदणीकृत संस्था असेल तर मागणीपत्रे, ठराव आणि खातेउतारा जोडून वसुली दाखल्याचा अर्ज करा. संस्था नसेल आणि करारनामा असेल तर कराराच्या आधारे पैशाचा दावा. करारही नसेल, तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७० हा अखेरचा आधार: कोणी कायदेशीरपणे, फुकट करण्याचा हेतू न ठेवता दुसऱ्यासाठी काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला द्यायला हवा. हे टिकवायचे असेल तर काम काढण्यापूर्वीच त्याला अंदाजपत्रकाची प्रत आणि त्याचा हिस्सा पोस्टाच्या पोचसह पाठवलेला हवा, आणि खर्चाची पक्की बिले हवीत. दाव्याची मुदत तीन वर्षे. एकट्या पंधरा हजारांसाठी कोर्टाची पायरी चढणे परवडत नाही, हेही खरे. म्हणून बऱ्याच ठिकाणी वकिलाची नोटीस पाठवून थांबतात आणि प्लॉट विकायला निघाला की थकबाकी मागतात. बोजा नोंदवलेला असेल तर तेव्हा पैसे हमखास येतात. नसेल तर तो निव्वळ भिडेचा मामला होतो.

वारस रस्त्यावर हक्क सांगू लागले तर

जमिनीचे भाव चढले की हे प्रकरण उद्भवतेच. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव पाहून नातू रस्त्याच्या तोंडावर पत्रा ठोकतो, किंवा रस्त्याचे क्षेत्र शेजारच्या बिल्डरला विकायला काढतो. घाबरून त्याला पैसे देऊ नका. लेआऊट मंजूर करून घेताना आणि प्लॉट विकताना मूळ मालकाने ती जागा रस्ता म्हणून बांधून दिलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने पंडित चेतराम वशिष्ठ विरुद्ध दिल्ली महापालिका या खटल्यात म्हटले आहे की लेआऊटमध्ये सामाईक उपयोगासाठी सोडलेल्या जागेची मालकी कागदावर मालकाकडे राहिली तरी तो ती इतरांच्या हितासाठी विश्वस्तासारखी धारण करतो. तो खटला मोकळ्या जागांचा होता. रस्त्याच्या बाबतीत खरेदीखतातला वाटेचा हक्क त्याच्या जोडीला येतो.

करायचे काय? विक्रीचा फेरफार पडत असल्याचे कळले की तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, लगेच लेखी हरकत द्या. मग नोंद वादग्रस्त म्हणून मंडळ अधिकाऱ्यापुढे चालते. दिवाणी कोर्टात घोषणेचा (हक्क जाहीर करून घेण्याचा) आणि कायम मनाईचा दावा लावा. प्लॉटधारक बरेच असतील तर सगळ्यांची नावे घालण्याऐवजी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम ८ प्रमाणे प्रातिनिधिक दावा करता येतो. आणि महाराष्ट्रात एक खास तरतूद आहे जी अनेकांच्या नजरेतून सुटते: दावा चालू असताना झालेली विक्री तुमच्या निकालाला बांधील राहावी असे वाटत असेल, तर दाव्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. इतर अनेक राज्यांत नुसता दावा दाखल असणे पुरते, इथे पुरत नाही.

तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली अर्ज करण्याचा सल्ला हमखास कोणीतरी देतो. तो कायदा मुख्यतः शेतीच्या वाटांसाठी आहे आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. एनए प्लॉटच्या लेआऊटला तिथे सहसा दाद मिळत नाही, उलट मोलाचे महिने जातात.

उलट बाजूही असते. शेजारच्या जमिनीवर नवी स्कीम आली आणि तिची सगळी वाहने तुमच्या रस्त्याने जाऊ लागली, तर सुविधाधिकार कायद्याचे कलम २१ आठवा: वाटेचा हक्क ज्या मिळकतीसाठी आहे, तिच्यापुरताच तो वापरायचा असतो. पण हे लढण्याआधी एनए आदेशातली ‘लगतच्या धारकांना खुले’ ही अट आपल्याविरुद्ध जात नाही ना, ते पाहून घ्या.

रस्ता पालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे सोपवायचा असेल

बहुतेक लेआऊटचा शेवटी इथेच मुक्काम होतो. ‘आम्ही घरपट्टी भरतो, मग रस्ता का करत नाही?’ या युक्तिवादाला कायद्यात वजन नाही, कारण कर भरल्याने खासगी रस्ता सार्वजनिक होत नाही. तो सोपवावा लागतो.

ग्रामपंचायत हद्दीत कळीचा शब्द आहे ‘२३ नंबर’. ग्रामपंचायतीच्या ताब्यातले रस्ते नमुना २३ च्या नोंदवहीत असतात. तिथे नोंद नसेल तर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) निधी खर्च करायला धजत नाही, आमदार निधीचे कामही अडते. त्यासाठी मोजणी करून हद्दी कायम करा, रस्त्यावरची अतिक्रमणे (बहुतेक वेळा आपल्याच सभासदांच्या पायऱ्या, रॅम्प आणि बागेचे कुंपण) आधी काढा, मालकाकडून नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या आणि ग्रामपंचायतीचा स्वीकाराचा ठराव मिळवा. मालक संस्था असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, अवसायन असेल तर अवसायकाची सही.

शहरात एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली २०२० पासून लागू आहे. मुंबई आणि इतर काही क्षेत्रे तिच्यातून वगळलेली आहेत. लेआऊटमधले अंतर्गत रस्ते प्राधिकरणाने मागितल्यास नाममात्र एक रुपयात त्याच्याकडे देण्याची तरतूद तिच्यात आहे. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याची कलमे ३०५ आणि ३०६ पाहावीत. पहिल्याखाली आयुक्त लगतच्या मालकांना खासगी रस्ता नीट करायला भाग पाडू शकतात, दुसऱ्याखाली तो सार्वजनिक जाहीर होतो. अनेक पालिका रस्ता आधी ठराविक दर्जाला आणून द्या म्हणतात, तेव्हा एकदाचा मोठा खर्च प्लॉटधारकांवर येतोच.

सोपवण्याची किंमत सभासदांना आधीच सांगा. गेट जाईल, ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’ची पाटी जाईल, पलीकडच्या वस्तीची वाहने इथून वळतील आणि दुकानांचे ग्राहक तुमच्या भिंतीला गाड्या लावतील. ज्या लेआऊटला दोन तोंडे आहेत तिथे हा फरक मोठा असतो. ज्याचे एक तोंड बंद आहे, तिथे फारसा जाणवत नाही, आणि तिथे मी डोळे झाकून सोपवा म्हणेन.

ताबा दिला की काम संपले असे समजू नका. नमुना २३ च्या किंवा पालिकेच्या रस्ते नोंदवहीच्या उताऱ्याची सही-शिक्क्याची प्रत घ्या, सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नाव बदलल्याचा फेरफार तपासा, आणि पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात काम धरावे म्हणून अर्ज अंदाजपत्रक तयार होण्याआधीच, दिवाळीच्या सुमारास द्या. मार्चमध्ये दिलेल्या अर्जाला पुढच्या वर्षीचे उत्तर मिळते.